शिरूर ते वरवंड, होल्डेमच्या दोन पत्त्यांसाठी

रविवारी सकाळी मी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जवळजवळ ओढूनच गाडीत बसवलं. पक्षाघातानंतर उजव्या हाताची बोटं नीट मिटत नाहीत. त्याआधी दर रविवारी ते शिरूरहून वरवंडला त्यांच्या जुन्या मित्राकडे, आप्पांकडे, रमी खेळायला जायचे. आजारातून उठल्यावर एकदाच गेले, तेरा पत्ते हातातून सांडले, आणि तेव्हापासून पत्ते बंद. "माणसांसमोर तमाशा नको," एवढंच म्हणाले. आठ महिने घरात. मला ते बघवत नव्हतं.

शिरूरहून न्हावरा, चौफुला आणि मग सोलापूर हायवेने वरवंड, असा सोपा रस्ता. मात्र गळिताच्या दिवसांत निघालात तर उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगायची तयारी ठेवा, आम्हाला दोन तास लागले. चौफुल्याला कांदाभजी आणि चहा घेतला, साठ रुपयांत दोघांचं पोट भरलं. नाना डाव्या हाताने खात खिडकीबाहेर बघत होते. "मी नुसता बसंन," ते तिसऱ्यांदा म्हणाले.

माझ्या डोक्यात पोकर होता. पुण्यात माझ्या ऑफिसातल्या मित्रांनी त्याचे सगळे प्रकार शिकवले आहेत. ओमाहात हातात चार पत्ते, हिशेबी माणसाला तो आवडतो. स्टडमध्ये आपले काही पत्ते सगळ्यांना दिसतात, म्हणून नजर पक्की लागते. आणि होल्डेममध्ये हातात फक्त दोन, तेही जमिनीवर पालथे ठेवून कोपरा उचलून बघायचे. बाकीचे पाच मध्ये उघडे, सगळ्यांचे सामाईक; सातांतून ज्याचे पाच भारी, त्याचा डाव. हात धड नसला तरी डाव धड खेळता येतो!

साखर कारखान्यातून निवृत्त झालेले आप्पा ओसरीवर सतरंजी टाकूनच बसले होते. "मधी पत्ते उघडे? मग लपवायचं काय?" त्यांनी मला उडवून लावलं. पण त्यांच्या घरचा नियम जुना: जो पत्ते वाटेल, त्याने खेळ पुकारायचा. मी वाटले, नानांपुढेही दोन ठेवले, आणि होल्डेम पुकारला. चालीला चिंचोके. तिसऱ्याच डावात आप्पांनी मधला चौथा पत्ता उघडायच्या आत मूठभर चिंचोके लोटले. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" आप्पांच्या पत्नी, काकी, म्हणाल्या, आणि तो डाव काकींनीच मारला.

मग आप्पांनी वाटले आणि पुकारलं, "पोरीचाच खेळ!" मध्ये बदामाची पाची, छक्की, राणी, किलवरची सत्ती आणि इस्पिकची दुर्री. आप्पांनी अठ्ठी-नव्वी टाकली. "पाची ते नव्वी, सिक्वेन्स!" नानांनी आपले दोन्ही पत्ते उघडे केले, दोन्ही बदाम. पाच बदाम, कलर.

"सिक्वेन्स मोठा," आप्पा म्हणाले. तीन पत्तीत ते खरंच.

"होल्डेममध्ये कलर मोठा असतो," मी चाचरत म्हणाले. "अर्धे अर्धे वाटून घ्या ना."

"अर्धे का म्हणून?" नाना कडाडले. "आप्प्या, रडीचा डाव खेळतो व्हय रं?"

आठ महिन्यांत ते कुणाशी साधं भांडले नव्हते. मला इतका आनंद झाला की अर्ध्या वाटणीचं मी विसरूनच गेले.

निवाडा काकींनी दिला. "वाटताना तुम्ही काय पुकारलं? पोरीचा खेळ. मंग नियम बी पोरीचाच."

आप्पा खो खो हसले. "घे लेका!" नानांनी उजव्या कोपराने ढीग आपल्याकडे ओढला. चार चिंचोके सतरंजीखाली गेले, कुणी बघितलं नाही.

संध्याकाळी शिरूरला पोचलो. या सहलीत बघण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तरी वर्षभरातली माझी सगळ्यात चांगली सहल हीच. हात पूर्वीसारखा होईल की नाही, माहीत नाही. मी पुण्याला निघणार तेवढ्यात नानांनी आप्पांना फोन लावायला सांगितला.

"येत्या रविवारी तू इकडं ये. वहिनीलाबी आण. वाटणार मी. आन् रमी खेळायची, तेरा पत्त्यांची."

पलीकडून आप्पा काहीतरी विचारत होते.

"पडतील की," नाना म्हणाले. "पडले तर तू उचलून दे."