घराआधी शेजार बघणारे काका

वानखेडेकाका घर बघायला यायचे, पण घरात शिरायचे नाहीत. एजंट वर फ्लॅटचं दार उघडून, एसी लावून वाट बघत बसे आणि काका खाली बिल्डिंगच्या दाराशी उभे राहून येणारे-जाणारे न्याहाळत. कोण कुणाकडे बघून हसतं, लिफ्ट धरून कोण थांबतं, तळमजल्यावर कुणाच्या दाराबाहेर किती चपला आहेत. अर्ध्या तासाने निकाल लागे. "खलास. इथं नाई." एजंट बिचारा वरूनच किचन केवढं मोठं आहे ते ओरडून सांगत राही.

काका मूळचे अकोल्याचे. बहारिनच्या मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये ते जहाजांचे पंप दुरुस्त करत आणि सुट्टीच्या दिवशी नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना घरं शोधून देत. मोबदला एकच. नव्या घरातला पहिला चहा, आणि तोही शेजाऱ्यांना बोलावून.

मी पुण्याहून आले तेव्हा मला अमवाजलाच राहायचं होतं. बेटावरची बिल्डिंग, बाल्कनीतून समुद्र. मैत्रिणींना कुठले फोटो पाठवायचे तेही ठरलं होतं. काका खाली उभे राहिले. अर्ध्या तासात एकच माणूस आला आणि गाडीतून थेट बेसमेंटमध्ये गेला.

"पोरी, तिकडं सनदच्या वस्तीत राह्य. समुद्राले साखर मागता येते का वं?"

"साखर ॲपवरून येते, काका."

ते खो खो हसले. "यल्ला, घे मंग!" म्हणाले आणि आमचा मिक्सर स्वतः उचलून वर घेऊन आले. चहाला बोलवायला त्यांनी मजल्यावरच्या सगळ्या बेल वाजवल्या. कुणीच दार उघडलं नाही. सगळा चहा आम्हीच संपवला.

चार महिन्यांनी, माझा नवरा प्रशांत कंपनीच्या कामासाठी दुबईला गेलेला असताना, मी बाथरूममध्ये घसरले. पाय टेकेना. शेजारी कोण राहतं हेही मला माहीत नव्हतं. काकांना फोन केला. भर दुपारी काका-काकू धावत आले. काकांच्या अंगावर ग्रीसने माखलेले वर्कशॉपचेच कपडे होते. प्लास्टर होईपर्यंत मी वाट बघत होते, आता म्हणतील, 'सांगितलं होतं ना!' ते म्हणालेच नाहीत. शेवटी परतताना गाडीत मीच विचारलं, "काका, सनदला काही मिळेल?"

"इंशाल्ला."

"इंशाल्ला काय?" मागून काकू म्हणाल्या. "पंधरा दिवसांपासून घरमालकाले थांबवून ठेवलं यायनं!"

सनदला पहिल्याच आठवड्यात समोरच्या बहारिनी आजींनी गहू-मटणाच्या हरीसचा डबा पाठवला. प्लास्टर निघेपर्यंत त्या रोज येऊन बसत. त्या अरबीत बोलत, मी मराठीत. कधी काही अडलं नाही.

मग काकांच्या लेकीला, प्रज्ञाला, स्पेनमध्ये, समुद्रकाठच्या एका गावात नोकरी लागली. घर शोधायचं होतं. काकांनी व्हिडिओ कॉलवरून तिला चार दिवस गल्ल्या तुडवायला लावल्या. "किचन नको दाखवू, रस्ता दाखव." एका गल्लीत बाकावर एक आजोबा बसले होते. काका फोनमधूनच ओरडले, "जयभीम!" आजोबांनी टोपी काढून स्पॅनिशमध्ये लांबलचक उत्तर दिलं.

"इथंच घे. माणूस चांगला हाय."

"बाबा, ही इज जस्ट वेटिंग फॉर द बस!"

"मंग त रोज भेटन!"

तिने खरंच त्याच गल्लीत घर घेतलं. आजोबा रोज भेटतात, आणि तिच्या स्पॅनिशला हसतात म्हणे.

यंदा काकांची नोकरी संपली, त्याबरोबर व्हिसाही. दोघं कायमचे अकोल्याला निघाले. विमानतळावर आम्ही तीस-चाळीस जण जमलो होतो. सगळ्यांशी थट्टामस्करी करणारे काका त्या दिवशी पासपोर्ट नुसताच उघडत-मिटत होते. आत जायची वेळ झाली तसे माझ्याजवळ आले.

"आमच्या फ्लॅटमधे नाशिकची पोरगी आली हाय. नवरा शिफ्टले जाते, दिवसभर एकटीच राह्यते. शुक्रवारी जाजो."

एवढंच बोलून ते वळले. काकूंनी दोनदा हात हलवला. काकांनी मागे पाहिलं नाही.

शुक्रवारी मी गेले. बेल वाजवल्यावर बऱ्याच वेळाने दार जेमतेम वीतभर उघडलं. विशी-बाविशीची मुलगी, कणकेने माखलेले हात, डोळे रडून लाल.

"कोण पाहिजे?" तिने विचारलं.

"तूच," मी म्हणाले.