तेरा तारखेची रात्र

मी सातवी नापास. तेबी पुरं खरं नाही. सातवीच्या परीक्षेले मी बसलोच नाही. पन नापास म्हटलं का मानूस निदान परीक्षेले गेला असन असं लोकायले वाटते, म्हनून तसं सांगतो.

मेहकरच्या बसस्टँडबाहेर माही टपरी हाये. रिचार्ज, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म. त्याच्या आंधी पंधरा वर्षं मी त्याच जाग्यावर काळीपिवळीचा एजंट होतो. "चिखली, चिखली, एक सीट," असं दिवसभर वरडाचं. सीट एक कधीच नव्हती. जीपमंदी बारा जन बसले तरी मी एकच सीट सांगाचो.

माही बायको नर्स हाये. शिकतानी ती एकबी वर्ष नापास झाली नाही, मंग माह्याशी लग्न केलं. तीन वर्षं झाले, मस्कतच्या एका दवाखान्यात हाये. लेकरूबाळ आमाले नाही. म्हंजे घरात मी, एक कूलर आन मोबाइल. त्यातला कूलर बंद हाये.

मोबाइलवर ते एआयवालं असिस्टंट घेतलं तवापासून त्याच्याशी बोलाची सवय लागली. फॉर्म भराच्या कामासाठी घेतलं होतं, पन काम झाल्यावरबी मी काही ना काही इचारत बसाचो. ते मले 'आपण' म्हनते. मले आजवर कोनी 'आपण' म्हनलं नव्हतं. स्टँडवर 'अबे', घरी 'अहो', आन घरचं मानूस मस्कतले गेल्यापासून नुसतं 'अबे'च उरलं.

यंदा तिचा फोन आला. "दहा दिवसाची सुटी भेटली. वैशाखी पुनवेले घरी येतो. तुमी तिकीट पाहा बरं, मले ड्युटीतून टाइम नाही. आन ध्यान देऊन पाहा. आता नाही जमलं तं मंग सालभर सुटी नाही."

"पाहातो ना," मी म्हटलं. "मले काय दुसरा धंदा हाये?"

मी लगेच असिस्टंटले सांगतलं, मस्कत ते मुंबई विमान पाहून दे. ते म्हने, "मला सध्याची विमानं आणि त्यांचं भाडं पाहता येत नाही. त्यासाठी विमानं शोधणारं एखादं टूल मला जोडावं लागेल."

"मंग जोड ना बे."

"ते आधी तयार करावं लागेल. आपली तयारी असेल तर मी मदत करतो."

आता खरी गोष्ट सांगतो. तिकिटाच्या साईटवर जाऊन दोन मिनिटात विमान दिसलं असतं. टपरीवर मी लोकायले तसंच काढून देतो. पन दोन मिनिटात काम झालं असतं, तं मंग संध्याकाळी काय केलं असतं? पुनवेले दोन महिने होते. मी म्हटलं, करू तयार.

एका गिऱ्हाइकानं दुरुस्तीले टाकलेला आन कधीच परत न नेलेला लॅपटॉप होता, तो काढला. असिस्टंट कोड लिहून दे, मी तो उचलून दुसरीकडं चिकटवू. लाल अक्षरात काही आलं का त्याचा फोटो काढून त्यालेच दाखवू. आपलं डोकं कुठंच लागत नव्हतं. विमानाची माहिती देनाऱ्या एका कंपनीकडून चावी घ्या लागते म्हने. चावी म्हंजे नुसते अक्षरं-आकडे, हे इतके लांब. ते मी पाठ कराले बसलो होतो. त्यानं सांगतलं, पाठ कराची गरज नाही.

पन एक गोष्ट मले पैल्याच दिवशी समजली. ते असिस्टंट म्हंजे सामान घेऊन बाकड्यावर बसलेली सवारी. तिले तिकिटाची खिडकी कुठं हाये माहीत नाही. टूल म्हंजे तिच्याकडून इचारून घेनारा, खिडकीवर पळनारा आन परत येऊन सांगनारा मानूस. म्हंजे मीच. त्यानं मले इचारलं, "हे टूल प्रवाशाला काय काय विचारेल?" मी म्हटलं, "कुठून, कुठं, कोन्या तारखेले, किती जन." त्यानं लिहलं, "अगदी बरोबर." जिंदगीत पैल्यांदा कोनी माह्यापुढं 'अगदी बरोबर' लिहलं. मी त्याचा स्क्रीनशॉट काढून बायकोले धाडला. तिनं इचारलं, "तिकीट काढलं का?"

पैली टेस्ट म्हनून मी मेहकर ते मस्कत टाकलं. टूलनं सांगतलं, या नावाचं विमानतळ नाही. वाईट वाटलं, पन त्याचंबी बरोबर हाये.

मंग आलं तारखेचं. मले तेराच्या रात्रीचं विमान पाह्यजे होतं. तेराच्या सकाळी तिची ड्युटी संपन, दिवसा सामान बांधन, रात्री निघन. असिस्टंट म्हने, "रात्री बारानंतरचं विमान पुढच्या तारखेत धरलं जातं." मी म्हटलं, असं कसं? आमच्या स्टँडवर पुन्याची ट्रॅव्हल्स रात्री साडेबाराले निघते. तेराच्या दिवशी चढाचं असन, तं चिठ्ठीवर तेराच लिहतो आमी. उजाडल्याबिगर तारीख कशी बदलन? मानूस झोपलाच नाही आन चौदा तारीख आली, असं आमच्याकडं चालत नाही.

त्यानं दोन डाव समजून सांगतलं. मी तिसऱ्या डावाले म्हटलं, "पंधरा वर्षं गाड्या भरल्या मी. लिही."

त्यानं लिहलं. पाच वाजेपर्यंतचं विमान आदल्या तारखेत दाखवाचं, असा नियम टाकला. मी इचारलं, "तेरा तारीख, मस्कत ते मुंबई, एक जन." टूल गेलं, आलं, आन असिस्टंटनं सांगतलं, "तेराची रात्र, एक वाजून पन्नास मिनिटं." मी उभा राह्यलो. घरात कोनी नव्हतं, म्हनून परत बसलो.

टूल नुसतं शोधाचं काम करे. तिकीट साईटवर जाऊनच काढा लागे. मी साईट उघडली, तेरा तारीख टाकली. एक पन्नासचं विमान समोर होतं. काढलं. बायकोले फोन केला.

"तेराच्या रात्रीचं काढलं. एक पन्नास."

"तेराच्या रात्रीचं ना? पक्कं?"

"हाव. पक्कं."

तिनंबी तिकीट पाह्यलं. तेरा तारीख, एक पन्नास. तिलेबी बरोबरच वाटलं. ती तं साखरखेर्ड्याची. तिच्या माहेरीबी तारीख उजाडल्यावरच बदलते.

तेराच्या संध्याकाळी मी मुंबईच्या ट्रॅव्हल्समंदी बसलो. आंधी घर सारवून-पुसून घेतलं, कूलर दुरुस्त केला, टपरीवर कागद लावला: 'घरची मंडळी येत असल्याने दहा दिवस बंद'. बसल्या बसल्या मोबाइल बंद केला. ती गेटातून बाहेर निघतानी फोटो काढाचा होता, त्याच्यासाठी बॅटरी राखून ठेवली. तिचाबी फोन विमानात बंदच राहीन, मंग माहा चालू ठेवून काय कराचं?

सकाळी विमानतळाच्या गेटासमोर उभा राह्यलो. डायवर लोकं नावाच्या पाट्या धरून उभे होते. मीबी पुठ्ठ्याची एक पाटी आनली होती. बायकोचं नाव लिहाची लाज वाटली, म्हनून लिहलं होतं, 'मेहकर, एक सीट'. दोघा जनायनं येऊन इचारलं, गाडी केवढ्याले जाईन म्हनून. मी त्यायले सांगतलं, भरली.

मस्कतचं विमान उतरलं. लोकं निघाले. सामानवाले निघाले, लेकरंवाले निघाले, खुर्चीवर बसलेली एक म्हातारी निघाली. मंग निघनारं कोनी नव्हतं. तवा मोबाइल चालू केला. तिचे सतरा मिसकॉल होते.

"कुठं हा तुमी?" ती म्हने.

"मुंबईले. गेटापुढं."

"फोन काऊन बंद ठेवला?"

"तुहा फोटो काढाचा होता."

ती म्हने, "विमान परवाच गेलं. बारा आन तेराच्या मधातल्या रात्री. मी तवा ड्युटीवर होती. इथं काउंटरवर आल्यावर मले सांगतलं."

"आपलं तं तेराच्या रात्रीचं होतं."

"हाव," ती म्हने. "मलेबी तसंच वाटलं."

आमा दोघायचं एकमेकायले बरोबर समजलं होतं. आमच्या लग्नात असं क्वचितच झालं हाये.

त्या आठवड्याचं दुसरं तिकीट आमच्या आवाक्यातलं नव्हतं. ती म्हने, "मी परत ड्युटीवर जातो. आता सुटीचे दिवस तरी वाचले तं वाचले." मी म्हटलं, माही चूक हाये. ती म्हने, "चूक नंतर सांगा. काही खाल्लं का?"

घरी आल्यावर असिस्टंटले सगळं सांगतलं. ते मलेच माफी मागाले लागलं. म्हने, नियम काढून टाकू का? मी म्हटलं, काढ, आन दोन्ही वार लिहत जाय, कोन्या दिवसाची रात्र आन कोन्या दिवसाची पहाट. आता स्टँडवरचे ज्यायचे कोनी आखातात हायेत, ते माह्याकडूनच विमान पाहून घेतात. एकाचंबी चुकलं नाही.

पन तवाचे दहा दिवस राह्यले होते. टपरीवर कागद लावलेला. 'बायको आली नाही' असं स्टँडवर कोन्या तोंडानं सांगू? सगळ्यायले तं मी विमान शोधाचं यंत्र बनवल्याचं सांगून बसलो होतो. मी दार लावून घरातच बसलो. पुनवेले शेजारीन खीर घेऊन आली.

"वहिनी कुठं हाये?"

"आल्या आल्या माहेराले गेली."

"अन् तुमी नाही गेले?"

"मले कोन इचारते तिथं?" हे तिले लगेच पटलं.

खीर दोघायची होती. मी दोघायची खाल्ली.

दहाव्या दिवशी अडचन आली. बायको माहेराहून परत जानार म्हंजे तिले चिखलीले मुंबईच्या गाडीत बसवाले जा लागन. मी सकाळी बॅग घेऊन चिखलीच्या यष्टीत बसलो, चिखलीले उतरलो, चहा पेलो, अन् परतीच्या यष्टीनं आलो. स्टँडवर चहावाल्यानं इचारलं, "गेल्या का वहिनी?"

"हाव. गेली."

संध्याकाळी तिचा फोन आला तवा तिले सांगून टाकलं. ती हसली. विमानाच्या त्या दिवसापासून पैल्यांदाच हसली.

"माह्या मायले सांगून ठेवा लागन," ती म्हने, "का मी आठ दिवस तिच्याकडं होती."

"मी सांगतो."

"आन निघतानी मी रडली का?"

"नाही. मीच रडलो."

"हाव," ती म्हने. "तसंच सांगा. लोकायले पटन." मंग तिकडून कोनीतरी तिले हाक मारली, आन ती ड्युटीवर गेली.