आण्याच्या घाटातली माझी वार

आण्याच्या घाटात नवा पूल झालाय हे माझ्या चुलतीला मोबाइलवर कळलं, आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. तिची लेक घाटावरच्या आणे गावात दिलेली, आणि त्या लेकीच्या मुलीचा साखरपुडा होता. मी मंचरचं मोटार रिवायंडिंगचं दुकान बंद ठेवलं, महाळुंगे पडवळहून आईला आणि चुलतीला गाडीत घेतलं आणि निघालो. आळेफाटा मागं पडेपर्यंत चुलतीचं एकच पालुपद, "पुलावर थांबायचं बरं का. लई भारी दिसतंय म्हनं."

 आईलाही थांबायचं होतं, पण पुलासाठी नाही. माझी वार, बाळंतपणात नाळेबरोबर पडते ती, त्या घाटात पुरलेली होती.

आमची माणसं पूर्वी मेंढरं राखायची. दिवाळी झाली की पठारावरून हा घाट उतरून कोकणाकडे जायची आणि पावसाच्या आधी दुसऱ्या वाटेनं परत यायची. अशाच एका वर्षी उतरताना घाटात माझा जन्म झाला. वार तिथंच पुरली, वर शिळा ठेवली, आणि सगळे पुढं चालू लागले. तेव्हापासून दरवर्षी आई त्या शिळेला हळदकुंकू लावायची. मी शाळेसाठी आजोळी राहिलो, त्यामुळे ती जागा कधी पाहिली नाही. पुढं मेंढरं विकली, आम्ही शेतीला लागलो, आणि आईचं घाटात जाणं थांबलं. आता पूल बांधताना ती शिळा राहिली की गेली, याचा तिला घोर होता. खरं सांगायचं तर मलाही होता. जन्माचा पत्ता म्हणून माझ्याकडे तेवढीच एक खूण.

पुलावर ही गर्दी. पोरंपोरी कठड्याला टेकून फोटो काढत होती, कणसं भाजणाऱ्या बाईच्या शेगडीचा धूर आमच्या डोळ्यांत जात होता. खाली खोल ओढा, पलीकडे उन्हात चमकणारा डोंगर. दिसायला देखणं होतं, नाही म्हणत नाही. चुलतीनं माझ्याकडून आपले फोटो काढून घेतले. आई मात्र कठडा धरून इकडून तिकडं बघत राहिली.

"ह्यो डोंगर न्हाई," ती म्हणाली.

"आई, घाटात दुसरा डोंगर कुठून आणू?"

"आरं, डोंगर उजव्या हाताला व्हता. ह्यो डाव्या हाताला हाय."

मला काही कळेना. इतक्या वर्षांत डोंगरानं कूस बदलली की काय? बऱ्याच वेळानं डोक्यात प्रकाश पडला. आईनं हा घाट फक्त उतरून पाहिला होता. परतीची वाट वेगळी, त्यामुळे चढताना कसा दिसतो हे तिला ठाऊकच नाही. आम्ही मात्र चढत होतो.

"मंग माघारी वळव की," चुलती म्हणाली, जशी काही मी बैलगाडीच हाकत होतो. रस्त्याच्या मधोमध दुभाजक. पार वर पठारावर जाऊन, वळून पुन्हा उतरावं लागलं. साखरपुड्याला उशीर होणार हे दिसत होतं, आणि मी चिडलो होतो.

उतरताना आई पुढच्या सीटवर आली. "हळू चालव. मेंढरं चालत्यात तशी." मी मेंढरांसारखा चाललो. मागून कांद्याचे ट्रक हॉर्न वाजवत होते आणि कुणीतरी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून पुढं गेलं. पुलाच्या थोडं अलीकडे आई एकदम म्हणाली, "थांब. हितंच."

डोंगर उजव्या हाताला, ओढा डाव्या. कडेनं खाली पाहिलं तर करंजाच्या झाडाखाली एक आडवी शिळा होती. शाबूत! माझे डोळे भरून आले. चपला काढून मी हात जोडले.

चुलती उतरून आली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "आक्का, आगं ही न्हवं. ह्याची खाली वड्याच्या अंगाला पुरली. तितं आता पुलाचा खांब हाय. मीच न्हवती का खड्डा खांदाया?"

"हीच हाय," आई म्हणाली.

"आगं, ही थोरलीची. ही इसरलीस व्हय?"

मला वाटलं, वयामुळे दोघींपैकी एकीचा घोटाळा होतोय. थोरली कोण? मीच थोरला. घरात माझ्याआधी कुणी नव्हतं. मी एकदा आईकडे बघितलं, एकदा चुलतीकडे. चुलतीनं जीभ चावली. पण आता बोलून गेली होती, मग तिनंच सगळं सांगितलं.

माझ्या आदल्या वर्षी आईला मुलगी झाली होती, याच उतरणीवर. ती सांज बघू शकली नाही. मेंढरं पुढं गेलेली, गडीमाणसं त्यांच्या मागं. या दोघींनीच तिला पुरलं आणि वर शिळा सरकवली. माझ्या जन्मानंतर चुलता शेतीला लागला आणि चुलती पुन्हा मेंढरांमागं या घाटात आली नाही. आई पुढं या शिळेला काय म्हणायची, हे तिला माहीतच नव्हतं.

"मग तू दरवर्षी इथं थांबून माझी वार का म्हणायचीस?" मी आईला विचारलं. माझा आवाज चढला होता. इतकी वर्षं मी कुणाच्या जागेला आपली म्हणत आलो?

आई पिशवीतून कुंकवाची पुडी काढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"मेलेल्या पोरीसाठी तुझ्या आज्यानं मेंढरं थांबवली आसती व्हय? नातवाची वार म्हनलं की थांबायचा. वाईच बसू द्यायचा मला."

खाली उतरायची वाट राहिली नव्हती. तिनं चिमूटभर कुंकू शिळेच्या दिशेनं सोडलं. वाऱ्यानं ते अर्धं माझ्याच शर्टावर आणलं. मी खांबाकडे बघत होतो. एवढ्या सिमेंटखाली आपलं काही असेल, हे काही केल्या मनाला पटेना.

"आणि मग माझं काय, आई? माझी जागा तर गेली."

"तुला कशाला रं जागा पायजे?" ती म्हणाली. "तू हायीस की."