पाचवं प्लास्टर

समीक्षा म्हणजे माह्या धाकट्या दिराची बायको, माही धाकटी जाऊ. मी संगीता. आमी बोरी अरबचे. घरी कापूस, तुरी, सोयाबीन, अन् एका चुलीवर आठ माणसं. आधीच सांगून ठेवते, हे जे मी सांगून राह्यली त्यात मी चांगली बाई नाही. ज्याले ऐकायचं नसन त्यानं आत्ताच उठून जावं.

समीक्षा पुसदची. लग्नात पाह्यली तवाच मले वाटलं, एवढीशी काडी, हे काय आमच्या घरी टिकन! बारीक आवाज, खाली मान, पण हट्टी इतकी का विचारू नका. भांडत नाही, उलटून बोलत नाही, आपल्याले जे करायचं ते करत राह्यते. मले अशा माणसाचा लय राग येते. भांडणाऱ्यासंगं भांडता तरी येते, अशीसंगं काय करावं?

तिले पोरगी झाली दारव्ह्याच्या दवाखान्यात. दोन्ही पाय आतमधी वळलेले, तळवे एकमेकांकडे. आमची सासू, विमलताई, हिनं दुपटं उघडून पाह्यलं अन् पुन्हा झाकून टाकलं. पाचव्या दिवशी म्हणाली, "ग्रहणात विळीवर बसली असन, दुसरं काय." बाळंतीण तिथंच बाजेवर होती. तिनं ऐकलं, पोरीले छातीशी घेतलं अन् भिंतीकडे तोंड करून झोपली.

यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं, असे पाय घेऊन लेकरं जन्माले येतात, यात आईचा काही दोष नाही. हाडं अजून कवळी हायेत, तवरच सुरू करा. दर मंगळवारी थोडा थोडा पाय वळवायचा अन् तसाच प्लास्टरमधी धरून ठेवायचा. पाच-सहा प्लास्टर झाले का टाचेमागची आखडलेली नस जराशी कापायची, मंग तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर, मंग बूट.

"चालन ना?" समीक्षानं विचारलं.

"पळन," डॉक्टर म्हणाले. "पण मधातच सोडलं तर पाय माघारी फिरतात, मंग कठीण होते."

तवापासून हिचा मंगळवार चुकला नाही. कपिलभाऊजी, म्हणजे तिचा नवरा, संगं जात. दोनदा त्याहीले वावरात काम होतं तर मी गेलती. तिथं प्लास्टरच्या खोलीत सदाशिवभाऊ म्हणून एक माणूस हाय, पन्नाशीचा, हात कोपरापर्यंत पांढरे. तो म्हणे, "बाई, लेकराले दूध पाजत बसा, म्हणजे ते पाय ढिले सोडते." अन् समीक्षा, जी आमच्या घरी सासऱ्यापुढं कधी डोक्यावरचा पदर पडू देत नाही, ती दोन परक्या पुरुषांपुढं टेबलाच्या काठावर बसून पोरीले पाजे. डॉक्टर पाय वळवून धरत, सदाशिवभाऊ आधी कापूस गुंडाळत, त्याच्यावर पाण्यातून काढलेली प्लास्टरची पट्टी, मांडीपासून थेट बोटांपर्यंत. गुंजन, म्हणजे आमची पोट्टी, दूध पिता पिता झोपून जाये. समीक्षाचे डोळे मात्र त्या पायावरून हटत नव्हते.

निघताना सदाशिवभाऊ दर वेळी तेच सांगे. "बोटं रोज पाहात जा. निळी पडली नाहीतर आत सरकली, तर मंगळवारची वाट पाहू नका. अन् जुनं प्लास्टर मंगळवारी घरून निघाच्या आधी, त्याच सकाळी भिजवून काढा. आदल्या दिवशी नाही. पाय मोकळा राह्यला का फिरला." हे मी माह्या कानानं ऐकलं होतं. एकदा नाही, दोनदा.

पाच प्लास्टर झाले. सासूनं बारसं तवर लांबवलं होतं, का तर लोकाईनं पाय पाहू नये. पण लांबवणार तरी किती? पोरगी दोन महिन्यांची झाली तरी तिले नाव नाही, दवाखान्याच्या कागदावरच काय ते गुंजन. शेवटी रविवार ठरला. कपिलभाऊजींची बहीण उर्वशी नागपूरहून येणार, नाव तीच ठेवणार, अन् आत्या म्हणून पायात चांदीचे वाळे तीच घालणार. आता मांडीपासून बोटांपर्यंत पांढरं खोड, वाळे घालणार कुठं?

शनिवारी कपिलभाऊजी समीक्षाले घेऊन दारव्ह्याले गेले, बारशाची साडी घ्याले. पोरगी माह्याजवळ. सासू येऊन बसली अन् पायावरचं प्लास्टर बोटानं वाजवून पाहात म्हणाली, "संगीता, आपल्या स्लॅबचं सेंट्रिंग मिस्तरीनं कितव्या दिवशी काढलं वं?"

"एकविसाव्या."

"अन् हे पाच आठवडे झाले. अजून पक्कं नाही होत काय? काढ. मंगळवारी नवीन चढवतातच."

मी म्हणू शकत होती, का नाही काढत. सदाशिवभाऊनं काय सांगितलं ते सांगू शकत होती. पण सासू कधी नव्हे ते मले एवढ्या गोडीनं बोलून राह्यली होती. दोन महिने घरात नुसती समीक्षा, समीक्षाची पोरगी, समीक्षाचा मंगळवार. माहे दोन पोट्टे खाऊन शाळेत गेले का उपाशी गेले कोणी विचारत नव्हतं. खोटं कायले बोलू, मनात आलं, एक दिवस हिच्याही मनाविरुद्ध होऊ दे. कोमट पाण्याचं घमेलं घेतलं, पाय भिजत घातले. अर्ध्या तासात पट्टीचं टोक सुटलं अन् मी उलटं उलटं उकलत गेली.

अन् बापा, आतून पाय निघाले ते सरळ! बारीक, पांढरेफटक, सालटं निघालेले, पण सरळ. सासूनं कडाकडा बोटं मोडली. "आता कोणाची माय बोलन ते पाहते," म्हणाली. मलेही खरंच आनंद झाला. वाटलं, मी काही वाईट नाही केलं.

समीक्षा आली, साडीची पिशवी हातातच. पाय पाह्यले अन् एवढंच विचारलं, "किती वाजता काढलं, ताई?"

"अकराक वाजता. अवं, पाय तर पाह्य, कसे बरे झाले!"

तिनं पिशवी बाजूले टाकली. खाली बसली, पोरीले मांडीवर घेतलं, दोन्ही पाय दोन हातांत धरले, डॉक्टर धरतात तसे, थोडे बाहेर वळवून. अन् धरूनच बसली. जेवाले हाक मारली तर म्हणे, "तुमी जेवा." संध्याकाळ झाली तरी हात तसेच.

बारशाच्या दिवशीही तेच. बाया पाळणा म्हणून राह्यल्या अन् ही बाई पाळण्याच्या बाजूनं दुपट्याच्या आत हात घालून उभी. उर्वशीनं वाळे घातले, तेवढ्यापुरते हात काढले, लगेच पुन्हा आत. बाया एकमेकींले कोपर मारून राह्यल्या होत्या. उर्वशीनं पाय पाह्यले अन् मोठ्यानं म्हणाली, "कपिल, इतके चांगले पाय! अन् तू या पायाची नस कापाले नेतं? डोकं फिरलं काय तुह्यं?"

झालं. एवढं एकच वाक्य, अन् सगळं घर त्याच्यावर येऊन बसलं. मंगळवारी समीक्षा तयार होऊन ओट्यावर उभी राह्यली तर कपिलभाऊजी म्हणाले, "सरळ झाले ना? मंग? अन् नस कापाच्या कागदावर मी सही करणार नाही." सासू म्हणाली, "कापाची हौस असन तर माहेरी जा अन् तिथंच राह्य." समीक्षानं पुसदले भावाले फोन लावला. भाऊ म्हणाला, सासरचे म्हणतात तसं कर. दवाखान्याचा कागद कपिलभाऊजीनं कपाटात टाकला अन् चावी खिशात घातली. बापाच्या सहीशिवाय तिथं कोणी हात लावत नसन, असं तिले वाटलं. आमाले सगळ्यांलेच वाटलं.

मंग ती हातानं धरू लागली. तुमाले खरं वाटणार नाही, पण ती बाई दिवसभर पोरीचे पाय धरून बसे. भाकरी थापाची तर पोरगी मांडीवर, पायांभोवती जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधलेली. भांडी घासून झाली का पट्टी सोडे अन् हातात घेई. पोरगी रडे, पाय खेचे. हिच्या बोटांले पेटके येत, तर बोट दातांत धरून दाबे अन् पुन्हा सुरू. मी एकदा म्हटलं, "अवं, हातानं काय प्लास्टर होते?" तर म्हणाली, "नाही होत, ताई. पण सोडू कसे?"

अन् पाय फिरून राह्यले होते. आठव्या दिवशी टाच वर चढली. पंधराव्या दिवशी अंगठा आत गेला. घरात प्रत्येकाले दिसत होतं अन् कोणी बोलत नव्हतं. सासूनं पोरीले आंघोळ घालाचं सोडून दिलं, कंबर दुखते म्हणे. कपिलभाऊजी पोरीले घेत, पण कमरेच्या वरूनच पाहात. अन् मी? मले रोज वाटे आज सांगते, आज बोलते, अन् रोज मी भाजी चिरत बसे. माह्या हातानं घमेलं भरलं होतं ना, मंग कोणत्या तोंडानं बोलू?

तेविसाव्या दिवशी समीक्षा न्हाणीत पाय धुऊन राह्यली होती अन् तिथंच बसून रडाले लागली. आवाज नाही, नुसतं अंग हालत होतं. मी दारात गेली तर तिनं मले पोरीचा उजवा पाय दाखवला. दाबला तर वळतच नव्हता, आधी वळे तेवढाही नाही. "ताई," ती म्हणाली, "हे पोरगी पायाच्या काठावर चालन. जलमभर. अन् मी हे धरून बसली होती, तरी."

मी तशीच बाहेर आली अन् सासूले म्हटलं, "गुंजनले लस द्याची हाय, तारीख गेली. यवतमाळले घेऊन जातो आमी दोघी." सासूनं माह्याकडे पाह्यलं. कळलं असन काय? असन. पण नाही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारीच, पह्यली एसटी धरली. प्लास्टरच्या खोलीत सदाशिवभाऊनं दुपटं बाजूले केलं, पाय हातात घेतले, अन् त्याचं तोंडच उतरलं. डॉक्टरले हाक मारली. डॉक्टरनं पाय फिरवून पाह्यला, टाच दाबली. "पह्यल्यापासून करावं लागन," म्हणाले. "अन् आता किती लागतील ते सांगता येत नाही. पाय आखडला. या वेळी बरोबर झालं नाही तर मोठं ऑपरेशन."

सदाशिवभाऊ भडकला. "पाच प्लास्टर वाया! इतकं सांगितलं होतं, इतकं! कोणी काढलं हे?"

मी समीक्षाच्या खांद्यामागं उभी होती. तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं.

"मी काढलं," समीक्षा म्हणाली.

"तुमी? आई असून?"

"हो. बारशासाठी."

मंग तो माणूस तिले जे बोलला ते मी इथं सांगत नाही. वाईट नाही बोलला तो, पोरीसाठीच बोलला. पण बाहेर बाकावरच्या बायाही वाकून पाहू लागल्या. समीक्षा खाली मान घालून पोरीले पाजत बसली, अन् एकेक शब्द घेतला. मी तिथंच उभी. माह्या जिभेले कोणी धरलं होतं काय? नाही. कोणीच धरलं नव्हतं.

पट्ट्या चढवून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "नस कापाच्या कागदावर बापाचीच सही लागते ना?"

"आईची चालते की," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. "कोणी सांगितलं नाही चालत?"

तिनं पोरीचं दुपटं गुंडाळलं. तेवीस दिवस. मले तर तिथंच भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

परतीच्या एसटीत खिडकीजवळ बसली होती ती. प्लास्टर अजून ओलं होतं, म्हणून पोरीचे पाय तिनं दोन्ही तळहातांवर तोलून धरले होते, कुठं दाबू नये म्हणून. मले राहावलं नाही. म्हटलं, "काहून माह्यं नाव नाही घेतलं वं? मी काढलं, मीच ना? तू कायले सगळं आपल्यावर घेतलं?" मी रडून राह्यली होती. मले वाटलं, ती म्हणन, जाऊ द्या ताई. मोठी जाऊ म्हणून माफ करन. तेवढंच ऐकाचं होतं मले.

तिनं माह्याकडे पाह्यलंही नाही.

"तुमचं नाव घेतलं असतं तर तुमी पुढच्या मंगळवारी आल्या नसत्या, ताई. अन् घरचे मले एकटीले येऊ देत नाहीत."