शैलामावशींची पैज

शैलामावशींच्या गळ्यात कायम एक स्टॉपवॉच लटकत असे. सांगलीकडच्या शाळेत त्या पी.टी.च्या बाई होत्या तेव्हाचं, काळ्या दोरीतलं, कडेला काच तडकलेलं. कुकरला किती वेळ लागला, ड्रायव्हिंग लायसनसाठी रांगेत किती वेळ गेला, समोरच्याचा फोन किती लांबला, सगळ्याची त्या वेळ लावत. सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये मी राहायला आले त्या आठवड्यात ग्रोसरीच्या चार पिशव्या घेऊन जिना चढत होते, तर वरून आवाज आला, "एक मिनिट दहा. उजव्या हातात तीन आणि डाव्यात एक, असं कोण धरतं? दोन-दोन घे, पंधरा सेकंद वाचतील."

वर पाहिलं तर पांढरे केस बारीक कापलेल्या, पंजाबी ड्रेसवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या एक बाई कठड्याशी उभ्या. नाव विचारायच्या आधी त्यांनी माझं वय विचारलं. ऐकून म्हणाल्या, "म्हणजे माझ्यापेक्षा सव्वीस वर्षांनी लहान. आणि धाप लागते?" मला त्यांचा असा राग आला म्हणता, की बोलायची सोय नाही. तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी त्या मटकीची उसळ घेऊन आल्या, आणि मी खात असताना समोर बसून म्हणाल्या, "सावकाश खा. याची वेळ लावत नाही मी."

त्यांचे यजमान चिप कंपनीत होते. त्यांच्या नोकरीपायी मावशी शाळा सोडून इकडे आल्या, आणि ते गेल्यावर मोठं घर विकून या एका बेडरूमच्या घरात एकट्या राहू लागल्या. त्यांचा सगळा जीव त्या घरात. बाल्कनीत कढीलिंब, हॉलमध्ये खो-खोच्या टीमचे दोन फोटो, आणि कुठेही जायचं तर पायी दहा मिनिटांवर ट्रेन. सकाळी सातला पार्कमध्ये त्यांचा क्लास असे. रिटायर्ड इंजिनीयर, डॉक्टर, बँकवाले असे सगळे काका लोक तिथे गुडघे वर उचलत पळत. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांना कामाला लावलं, ते मावशींपुढे मुकाट. देशपांडेकाका एकदा म्हणाले, "शैलाताई, आज पाठ धरलीय, उद्या करतो." मावशी म्हणाल्या, "पाठ धरली असेल तर पाठीने करू नका. पायाने करा. रडीचा डाव माझ्या मैदानात चालत नाही." काका पळाले.

त्यांचा मुलगा अभय फ्रीमाँटला राहतो. हाडांचा डॉक्टर. माणूस शांत, आईच्या अगदी उलट. पण एका विषयावर तो आणि मावशी दर रविवारी भांडत. अभयने खालच्या मजल्यावरची खोली आईसाठी तयार करून ठेवली होती. बाथरूममध्ये धरायला दांडे, बेडला उंची बेताची, सगळं नीट. मावशी एकदा जिन्यात घसरल्या आणि मांडीला हे एवढं काळंनिळं झालं, तेव्हापासून तर त्याने हेकाच धरला.

"आई, पडण्याचं मला काही वाटत नाही," तो म्हणायचा. "पडतात सगळे. पण माझ्याकडे येतात ना त्या बायका, त्यांना उठता येत नाही. एकट्या असतात. तास-तास तशाच जमिनीवर पडून असतात. मग कुणीतरी नाइन वन वन कॉल करतं."

"तुझ्या घरी मी आई म्हणून येईन की पेशंट म्हणून?" मावशी विचारत. "ते दांडे बघितलेत मी. मला तिथे पाऊल टाकलं की म्हातारपण येतं."

सून केतकी मधे पडत नसे. तिचं बरोबरच होतं. मीही पडत नसे, पण मनातून मी मावशींच्या बाजूने होते, आणि त्यात माझा स्वार्थ होता. माझं माणूस असं इथे दुसरं कुणी नव्हतं.

फेब्रुवारीतल्या लाँग वीकेंडला आम्ही पाच-सहा कुटुंबं ताहोला एक मोठी केबिन घेतो. गाड्यांमध्ये स्कीजच्या जोडीने दोन कुकर, भाजणीचं पीठ आणि लोणच्याची बरणी जाते. मी जाते ती केवळ खाण्यासाठी. थंडीत स्वतःहून जाऊन कुडकुडायचं आणि त्याला हॉलिडे म्हणायचं, हे मला या देशात अजून पचलेलं नाही. मावशी मात्र पासष्टाव्या वर्षी, लहान मुलांच्या बरोबरीने, छोट्या उतारावर स्की शिकल्या. दोन हिवाळे शिकल्या. तिसऱ्या हिवाळ्यात, सदुसष्टाव्या वर्षी, उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टपाशी त्यांनी एक बोर्ड वाचला. हौशी लोकांची रेस, कुणीही भाग घ्या, वयाप्रमाणे गट. उतारावर लाल-निळे झेंडे लावलेले, एकाला उजवीकडून वळसा, पुढच्याला डावीकडून, असं नागमोडी खाली यायचं.

मावशी त्या झेंड्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "मीनल, हा तर खो-खो आहे गं. गडी बसलेत ओळीने, आणि आपण साखळी पळायची."

"मावशी, खो-खोत जमीन सपाट असते."

"मग हा सोपा. पळायचे कष्ट नाहीत, आपोआप खाली येतो."

त्यांनी नाव दिलं. जेवताना अभयला कळलं, आणि त्याचा घास हातातच राहिला. "आई, काहीतरीच काय. यू आर सिक्स्टी-सेव्हन. कॅन्सल कर."

पिठलं वाढता वाढता मावशी थांबल्या. "पैज लाव," त्या म्हणाल्या. "उद्या पडले, तर जूनमध्ये तुझ्याकडे राहायला येते. कायमची. नाही पडले, तर माझ्या घराचा विषय तू जन्मात काढायचा नाहीस."

अभय हो म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. "चालेल," तो म्हणाला.

देशपांडेकाकांना घोळ नको असतो. त्यांनी विचारलं, "पडणं म्हणजे काय धरायचं? हात टेकला तर?"

"हात टेकणं म्हणजे पडणं नाही. बूड बर्फाला लागलं की पडले," मावशी म्हणाल्या. तीस वर्षं मुलींच्या मॅचेस घेतलेल्या बाई, नियम आधी स्वच्छ. पोरं हसून हसून लोळली, पण मावशींच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यांनी आपलं घर पणाला लावलं होतं, आणि ते त्यांना पुरतं कळत होतं.

सकाळी त्यांनी सगळ्या पोरांना केबिनसमोर बर्फात एकाआड एक तोंडं करून बसवलं आणि स्कीजशिवाय, नुसत्या बुटांनी, त्यांच्यामधून पळून दाखवलं. "आजी, दॅट्स नॉट स्कीइंग," एक पोरगी म्हणाली. "खाली बस," आजी म्हणाल्या, "गड्याने बोलायचं नसतं." सदुसष्ट वर्षांची बाई, पण ओळीतून अशी सुळकन गेली, की मी चहा प्यायचं विसरले. तरुणपणी यांना पकडायला मुलींची काय दमछाक होत असेल, ते तेव्हा कळलं.

रेसला झेंड्यांपाशी उभं राहायला माणसं कमी होती. प्रत्येक स्पर्धक झेंड्याला नीट वळसा घालतो की नाही एवढंच बघायचं. अभय चांगला स्की करतो, म्हणून त्याला मधल्या वळणावर उभं केलं. ते वळण उंचवट्यामागे, पाइनच्या झाडांच्या आड. खालून दिसत नाही, वरूनही नाही. त्याच्याबरोबर नंबर लिहायला कुणीतरी हवं होतं, आणि नेमकी मीच सापडले. कडेकडेने चालत तिथवर पोचले तेव्हा माझी जी अवस्था होती, ती मावशींनी पाहिली नाही हे बरं.

मावशी आल्या. खरं सांगते, सुंदर आल्या. वेग फार नाही, पण गुडघे वाकलेले, नजर पुढच्या झेंड्यावर, डावी, उजवी, डावी. अभय पुटपुटला, "अरे वा." आणि आमच्या वळणाला लागताना मावशींनी मान वळवून मागे पाहिलं.

मागे कुणीच नव्हतं. रेसमध्ये एका वेळी एकच जण सोडतात. पण खो-खोत पळणारा कोपऱ्यावर वळताना मागे बघतोच, पाठीवर कोण आलंय ते. जन्मभराची सवय. मान मागे गेली, खांदा गेला, एक स्की दुसरीवर चढली, आणि मावशी बदकन बसल्या. बूड बर्फात. तशाच बसल्या बसल्या झेंड्याला वळसा घालून घसरल्या, एक गुडघा आत ओढला, काठी रोवली आणि उभ्या. मला 'अगं बाई' म्हणायलाही वेळ मिळाला नाही. आमच्याकडे न बघता त्या पुढच्या झेंड्याकडे गेल्या.

मी अभयकडे पाहिलं. तो खाली गेलेल्या आईकडे बघत होता. मग म्हणाला, "वळसा बरोबर आहे. लिही."

मी लिहिलं. रेसच्या नियमात पडलं तरी चालतं, झेंडा चुकायला नको. कागदावर खोटं काही नव्हतं.

खाली एकच कल्ला. पासष्टच्या पुढच्या बायकांत तिघी होत्या, मावशी दुसऱ्या आल्या. गळ्यात मेडल, पोरांचे फोटो. केतकीने अभयला विचारलंच, "मग? वरती पडल्या का आई?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मावशीही.

"नाही," अभय म्हणाला. "नाही पडली."

मग खाली वाकून मावशी बुटाच्या क्लिपा काढत बसल्या, खूप वेळ. मला वाटलं, आता सांगतील. सांगितलं नाही. मीही नाही. मला त्या शेजारी हव्या होत्या, दुसरं काय.

पुढची चार वर्षं मावशी त्यांच्या घरात राहिल्या, आणि काय राहिल्या! पार्कातला क्लास वाढून दोन बॅचेस झाल्या. माझं ऑपरेशन झालं तेव्हा तिसऱ्या दिवशी मला जिना चढायला लावलं. माझी नोकरी गेली तेव्हा म्हणाल्या, "बाद झालीस, टीममधून काढलं नाही कुणी. पुढच्या डावाला तयार राहा," आणि रोज नऊ वाजता दार वाजवून मला अर्ज भरायला बसवलं. मला नोकरी लागली ती त्यांच्या धाकाने. अभय दर रविवारी यायचा, जेवायचा, जायचा. त्या विषयाचा शब्द त्याने कधी काढला नाही. मला मात्र त्याच्या त्या 'नाही'चा अर्थ लागत नव्हता. पैज त्याने जिंकली होती. आईला घरी न्यायचं एवढंच तर त्याला हवं होतं.

यंदाच्या मार्चमध्ये मावशींनी मला हाक मारली. हॉलमध्ये खोके मांडलेले. फोटो भिंतीवरून उतरवलेले.

"मागच्या मंगळवारी कपाटाखालचं पुसायला खाली बसले," त्या म्हणाल्या. "उठताच येईना. सोफ्याचा पाय धरला, मग खुर्ची ओढली, मग ती उलटली. तू ऑफिसला होतीस. दुपार झाली गं उठायला."

मला रडू यायला लागलं. "मावशी, मला फोन का नाही केलात?"

"फोन टेबलावर." मग म्हणाल्या, "अजून एक ऐक. त्या रेसमध्ये मी पडले होते."

"माहीत आहे. मी तिथेच होते की."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि चार वर्षं गप्प बसलीस?"

"तुम्हीही बसलात."

"हो," त्या म्हणाल्या. "घराचा मोह झाला. एवढ्या मुलींना शिकवलं, आणि स्वतः तेव्हा बोलले नाही. लाज वाटते मला त्याची."

शनिवारी अभय मोठी गाडी घेऊन आला. खोके गेले, कढीलिंबाची कुंडी गेली. मावशी रिकाम्या हॉलमध्ये उभ्या राहिल्या आणि शाळेत चूक कबूल करणाऱ्या मुलीसारख्या सरळ होऊन म्हणाल्या, "अभय, ती पैज मी हरले होते. मला माहीत आहे, तू पाहिलं होतंस. खोटं का बोललास?"

अभय चावी हातात फिरवत राहिला. "पडलीस ते पाहिलं ना," तो म्हणाला. "पण तू उठलीस कशी, तेही पाहिलं. दोन सेकंद लागले नसतील. माझे पेशंट असे उठले असते तर मी कशाला भांडलो असतो तुझ्याशी? म्हटलं, हिला अजून घरी न्यायची वेळ आली नाही."

"आता नाही रे उठता येत," मावशी म्हणाल्या.

"म्हणून तर आलो," अभय म्हणाला, आणि त्याने हात पुढे केला. मावशींनी तो धरला, आणि दोघं सावकाश जिना उतरून गेली.