थंड इंजिनावर मोजलेली ताकद

माझ्या मेहुण्याच्या गाडीचं इंजिन ठणठणीत होतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तो तर तिचा धाकटा भाऊ.

सुरुवात माझ्या गाडीपासून करावी लागेल. लुसैलचं ऑफिस, अल दुहैलचं घर आणि मधले सिग्नल, यापलीकडे मला इथं आखातात फारसं काही नव्हतं. मी एक जुनी सहा सिलिंडरची गाडी घेतली आणि तिच्या नादी लागलो. हवा आत घेणारा मोठा फिल्टर, मागे जाड एक्झॉस्ट आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचं नवं ट्यूनिंग. इंजिन उघडायचं नाही, नुसते बोल्ट आवळायचे. विकणारे सांगतात, चाळीस हॉर्सपॉवर सहज वाढतील.

मी गॅस टर्बाइनवर काम करतो. हवा तापली की यंत्राची ताकद उतरते, हे दर उन्हाळ्यात रिपोर्टात मीच लिहितो. कुठल्या तापमानाला मोजलं ते नोंदवल्याशिवाय मी आकड्याखाली सही करत नाही. आणि घरच्या गाडीला मी काय केलं? आधीची चाचणी ऑगस्टच्या भर दुपारी, एसी लावून शहरभर फिरवलेल्या गाडीवर, बॉनेट बंद ठेवून. भाग बसवून झाल्यावर मात्र गॅरेजवाल्याला म्हणालो, आज राहू दे, सकाळी मोजू. सकाळी गार पडलेली गाडी ताकद मोजायच्या रोलरवर चढवली, बॉनेट उघडं, समोर भलामोठा पंखा. स्क्रीनवर छत्तीसचा फरक आला. गॅरेजवाला हसला, मीही हसलो. दोघांनाही कळलं होतं.

त्या शुक्रवारी मेहुणा जेवायला आला. पानावर बसल्या बसल्या मी आकडा सांगितला. जेवण झाल्यावर त्याला खाली नेऊन गाडी सुरू केली. आवाज वाढला की ताकद वाढली, असं कानाला वाटतंच.

"दाजी, ऑफिसातलं टर्बाइन उचलून आणलंत की काय?"

"अभ्यास लागतो त्याला," मी म्हणालो.

वर आल्यावर बायको म्हणाली, "अभ्यास झाला असेल तर शेजारणीची माफी मागून या. तिचं बाळ उठलं."

मेहुणा बांधकामावर सुपरवायझर. नजमा भागातल्या, कामगारांनी भरगच्च खोलीतून बाहेर पडल्यावर त्यानं पहिली वस्तू घेतली ती गाडी. त्याची बायको आणि मुलगी इथं आल्या तेव्हा त्यांना एअरपोर्टवरून त्यानं त्याच गाडीतून घरी आणलं. ऑइल वेळेआधी बदलायचा. वाळूचं वारं सुटलं की दुसऱ्या दिवशी फिल्टर झाडायचा. त्यानं माझ्यासारखेच भाग बसवले, दुसऱ्या गॅरेजमध्ये. आधी आणि नंतर, एकाच दुपारी, सारख्याच तापलेल्या इंजिनावर मोजलं.

मग मला फोन केला. "दाजी, आठच आले. मला फसवलं का हो या लोकांनी?"

उत्तर साधं होतं. आठ म्हणजे बरोबर. अशा भागांनी एवढंच होतं. फिल्टरनं थोडं, एक्झॉस्टनं थोडं, ट्यूनिंगनं थोडं, आणि इथल्या उन्हात त्यातलंही काही गळतं. माझी गाडी नीट मोजली असती तर तिचंही तेवढंच आलं असतं. पण शुक्रवारी मी त्याला छत्तीस सांगून बसलो होतो. मी म्हणालो, "तुझं इंजिन थकलं असणार. आतलं कॉम्प्रेशन, म्हणजे दाब, गेलं की असंच होतं. नीट सांभाळली नाहीस तू."

कॉम्प्रेशन तपासून घे, असं मी मुद्दामच म्हणालो नाही. तपासलं असतं तर मी खोटा पडलो असतो.

त्यानं इंजिन उघडायला दिलं. गिऱ्हाईक स्वतःच उघडा म्हणतंय तर गॅरेजवाले कशाला नाही म्हणतील? परत बसवल्यावर ते ऑइल जाळायला लागलं. पुन्हा उघडलं. मग गाडी सिग्नलला उभी राहिली की मागे निळसर धूर. शेवटी मिळेल त्या किमतीला विकून आला आणि म्हणाला, "खलास, दाजी."

पुढच्याच जेवणाला त्याची मुलगी माझ्या मुलीला सांगत होती, "बाबा ब्रोक अवर कार." तो ऐकत होता. मान खाली घालून भात कालवत राहिला. मी त्याला वरण वाढलं.

नंतर एकदा मी माझी गाडी गुपचूप दोन्ही वेळा सारखीच तापवून मोजून घेतली. जुने भाग परत बसवून एकदा, नवे बसवून एकदा. नऊ आले. दर वर्षीच्या सरकारी तपासणीत एवढा आवाज चालत नाही, म्हणून या नऊसाठी मी तिच्याआधी जुना सायलेन्सर चढवतो आणि पास झाल्यावर पुन्हा काढतो. यंदा त्यात हात भाजला. बायको बर्फ लावताना म्हणाली, "एवढी हौस कसली हो?" तेव्हाही सांगता आलं असतं. मी तिच्यावरच खेकसलो.

खरा वैताग याचा येतो की मेहुणा नंतर घेतलेल्या गाडीबद्दलही अजून मलाच विचारतो. टायरमध्ये हवा किती भरू, हा कुठला आवाज येतोय, सर्व्हिसला टाकू का. स्वतःच्या कानावर त्याचा भरवसा राहिलेला नाही. परवाही पार्किंगमध्ये त्यानं बॉनेट उघडलं आणि बाजूला सरकून उभा राहिला. "तुम्हीच बघा दाजी, मला यातलं काही कळत नाही." मी वाकून बघितलं. सगळं ठीक होतं. ठीक आहे, एवढंच म्हणालो.

त्याला सांगायचं अजून बाकी आहे: तुझं इंजिन चांगलं होतं, तू ते उत्तम सांभाळलं होतंस, खोटं मी बोललो. आणि हे त्याच्या मुलीच्या समोर सांगायचं देणं मी लागतो.