श्रावणातलं सोलर

माझ्या साडूचं भीमाशंकरला चार खोल्यांचं लॉजिंग आहे. भाविकांना आंघोळीला गरम पाणी देणं हा त्याचा खरा धंदा, खोल्या निमित्ताला. पाणी चुलीवर तापायचं. दोन हजार सालच्या आसपास लाकूड वाचवणाऱ्या छोट्या धंदेवाल्यांना सोलर हीटरवर अनुदान मिळू लागलं, तेव्हा तो जुन्नरला माझ्याकडे आला. आकडेमोड निघाली की सगळे पाहुणे माझ्याकडेच येतात.

मी हिशेब चोख केला. रोजचं पाणी, रोजचं लाकूड, यंत्र किती हंगामात फिटेल, सगळं. फक्त ऊन मी जुन्नरचं धरलं. भीमाशंकरला गर्दी श्रावणात, आणि श्रावणात तिथे धुक्यात हाताच्या अंतरावरचा माणूस दिसत नाही. साडूचा जन्म तिथला, पण त्यालाही हे सुचलं नाही. हिशेब माझा आहे म्हटल्यावर त्याने आभाळाकडे बघायचं सोडलं होतं.

दुकानदाराने अनुदानाच्या भरवशावर यंत्र बसवलं. अनुदान नामंजूर झालं तर तो ते उचलून नेणार होता. आणि तपासणीचे साहेब येणार होते नेमके श्रावणात.

मी आदल्या दिवशीच जाऊन पोचलो. पहाटे बघतो तर परसात चूल धडधडतेय आणि साडू शिडीवरून गरम पाण्याचे हंडे वर चढवतोय. छतावरच्या गार पाण्याच्या टाकीत ओतलेलं पाणी सोलरमधून फिरून नळाला येतं, हे त्याने शोधून काढलं होतं. लाकूड वाचवायच्या यंत्रासाठी रोजच्या दुप्पट लाकूड जळत होतं.

"हे खोटं आहे," मी म्हणालो. "मी हात लावणार नाही."

"नगा लावू. भाजंल," साडू म्हणाला.

साहेब आले ते आईला घेऊन, तपासणीबरोबर दर्शनही. त्यांनी नळ सोडला आणि हात झटकन मागे घेतला. मग धुक्याकडे बघितलं.

"ढगातही चालतं?"

"लई भारी हाय, साहेब."

साहेबांनी कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं. तेवढ्यात त्यांच्या आई म्हणाल्या, "एवढं कढत आहे तर मी अंघोळच करते."

पहिली बादली झाली, दुसरी झाली. मग न्हाणीतून ओरडा आला, "अरे, गार आलं! मला साबण लागलाय!"

तत्त्व वगैरे ठीक, पण म्हातारं माणूस आत कुडकुडत होतं. मी शिडीवर चढलो. मेव्हणी चुलीवरून हंडा उचलायची, साडूकडे द्यायची, साडू माझ्याकडे. तिसरा हंडा ओतताना खाली बघितलं तर साहेब कमरेवर हात ठेवून उभे.

"ऊन हंड्यातून वर चढवताय होय?"

आतून आवाज आला, "आलं रे! छान गरम आलं!"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "ऊन पडल्यावर येईन. तेव्हा चूल थंड पाहिजे." आणि आईला घेऊन देवळाकडे गेले.

साडू माझ्याकडे वळला. "त्या हिशेबात एक ढग घातला आस्ता तर काय बिघडलं व्हतं, राव?"

साहेब महाशिवरात्रीच्या सुमारास पुन्हा आले, या वेळी एकटे. आभाळ लख्ख. त्यांनी आधी परसात जाऊन चूल बघितली. तिच्या राखेत मांजर झोपलं होतं. मग छतावर चढून त्यांनी गार टाकीत हात घातला. ती खरंच गार होती. शेवटी नळ सोडला आणि बोटं भाजून घेतली. इतकं समाधानाने भाजून घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. तिथेच कट्ट्यावर बसून त्यांनी मंजुरीची सही केली. यंत्र राहिलं.

निघताना ते म्हणाले, "पण मग श्रावणात काय करणार?"

मी नव्याने केलेला हिशेब सांगायला तोंड उघडलं, पण मेव्हणी आधी बोलली.

"श्रावणात आईस्नी घेऊन या, साहेब. कढत पाणी देते. फक्त तपासणीला येऊ नका."